निवडलेली गाणी, टाकलेली गाणी

मी बौद्ध आहे. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, बाकी भिंत मोकळी. मग नाताळात चर्चमध्ये पेटीशेजारी उभं राहून तू काय करत होतास, असं आमच्या शाखेतल्या एका मित्रानं मला भर बैठकीत विचारलं. त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. रातपाळी होती, एसटी चुकली असती. नंतर विचार करत राहिलो आणि उत्तर लांबत गेलं. ते इथं लिहितो. मित्र हे वाचेल आणि पुढच्या बैठकीत परत भांडेल. भांडू दे.

मी राहतो शिरोळात आणि काम करतो सूतगिरणीत, रिंग फ्रेमवर. दहावीनंतर शाळा सुटली. जे वाचलं ते पाळीच्या आधी नाहीतर पाळीच्या नंतर. कविता करतो म्हणून नात्यात मला ‘लिहिणारं पोरगं’ म्हणतात. लग्नाची पत्रिका, तक्रारअर्ज, मयताचं पत्र, सगळं माझ्याकडं. चर्चचं कामसुद्धा असंच आलं, लिहिणारा म्हणून.

आमच्या घराण्याला दोन दारं आहेत. आज्याचा एक चुलता मिशनच्या काळात ख्रिस्ती झाला. १८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचा अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आला, १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत दवाखाना काढला, आणि या दोन गावांच्या मधल्या महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून माणसं थोडी थोडी त्या बाजूला गेली. कुणी दवाखान्यात जीव वाचला म्हणून, कुणी शाळेत पोराला इतरांच्या बरोबरीनं बसू दिलं म्हणून. आमची बाजू थांबली आणि १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या मागून गेली. पण सोयरीक तुटली नाही. माझी थोरली आत्या त्या दारात दिली. तिच्या बाहेरच्या खोलीत येशूची तसबीर आहे आणि आत, पिठाच्या डब्यांच्या वर, बाबासाहेबांचा फोटो. पाळकांना ते माहीत आहे. ते काही बोलत नाहीत.

कागदावर मात्र ही दारं अगदी वेगळी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस म्हणजे हिंदूच, असं ठरलं. १९५६ मध्ये शिखांना आत घेतलं, १९९० मध्ये आम्हा बौद्धांना. ख्रिस्ती झालेला महार-मांग बाहेर राहिला. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं यावर आयोग नेमला. आत्याचा पोरगा आणि मी, दोघांच्याही पणज्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली. पण दाखला काढायला गेलं की मला एक खिडकी, त्याला दुसरी.

आता पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या. आमच्या तालुक्याचं काय झालं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. आत्याच्या गावचं चर्च म्हणजे तुम्ही सिनेमात बघता तसलं नाही. मनोरा नाही, रंगीत काच नाही. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, दारावर क्रूस. पाणी खिडकीच्या वर गेलं होतं. उतरल्यावर चिखल उपसायला आम्ही विहारातली सातआठ पोरं गेलो. त्याच्या आधी आमच्या विहाराचा चिखल उपसायला त्यांची पोरं आली होती. कपाट उघडलं तर आत ‘उपासना संगीत’ची पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटलेली. पान उलटायला गेलं की लगदा हातात. पेटीचा भाता फाटलेला, सूर गंजलेले.

‘उपासना संगीत’ म्हणजे मराठी ख्रिस्ती मंडळींचं गाण्यांचं पुस्तक. त्यात दोन तऱ्हेची गाणी. एक, इंग्रजी गाण्यांची भाषांतरं, ती विलायती चालीवरच म्हणायची. दुसरी देशी चालीची, अभंग, पदं, भजनं. ना. वा. टिळकांची, कृ. र. सांगळ्यांची. जुन्या माणसांना ही गाणी आकड्यानं माहीत असतात. अमुक नंबर म्हटलं की सगळे सुरू. पुस्तकं गेल्यावर नुसते आकडे उरले.

नवी पुस्तकं येतील तेव्हा येतील, नाताळ चार महिन्यांवर. पाळक मला म्हणाले, म्हाताऱ्यांकडून गाणी उतरवून घे, त्यातली दहा नाताळच्या संगीत कार्यक्रमासाठी निवड आणि झेरॉक्स काढून सगळ्यांना दे. म्हणाले, ‘‘तू कवी हायेस. बरंवाईट तुला कळतंय.’’ हे वाक्य मला फार गोड लागलं. तिथूनच माझी चूक सुरू झाली.

सुट्टीच्या दिवशी आत्याच्या ओसरीवर बसायचो. चारपाच म्हाताऱ्या जमायच्या. त्यांना गाणं सांगता येत नाही, गाताच येतं. मधे थांबवून ‘हा शब्द काय?’ विचारलं की दोर तुटला, परत पहिल्यापासून. एकीचा शब्द दुसरीपेक्षा वेगळा. एका जागी एक म्हणायची ‘तारणारा’, दुसरी म्हणायची ‘तारूवाला’, आणि तारूवाला म्हणणारीचा नवरा खरोखरच नदीवर नाव चालवायचा. मी ‘तारणारा’ लिहिलं. आज मी ‘तारूवाला’ लिहीन. चार रविवारांत एकेचाळीस गाणी उतरली. एवढं सगळं चार म्हाताऱ्यांच्या डोक्यात कोरडं राहिलं होतं.

मग निवड. वाचायला चांगलं ते गायला चांगलं असं काही नसतं, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं. भाषांतराच्या गाण्यांत शब्द ठीक, अर्थ ठीक, आणि तोंडात घेतलं की दगड. असं का होतं ते पेटीवाल्यानं दाखवलं. तो मिरजेला सतारी-तंबोऱ्याच्या कारागिरांत वाढलेला माणूस, पुरात बुडालेली पेटी त्यानंच उघडून, वाळवून, सूर घासून परत बोलती केली. तो म्हणाला, विलायती चाल ठोक्यावर चालते आणि पुष्कळ चालींत पहिलं अक्षर ठोक्याच्या आधीच उरकून टाकतात, जोर दुसऱ्यावर. आपली मराठी तशी चालत नाही. ‘करुणा’ म्हणताना ‘क’ला घाईनं ढकललं आणि ‘रु’ चार मात्रा ताणला तर करुणा राहत नाही, लांबून कुणाला तरी हाक मारल्यासारखं होतं. एका गाण्यात चालीतला सगळ्यात उंच आणि लांब सूर नेमका ‘पाप’ या शब्दावर यायचा. अख्खं चर्च छाती फुगवून पाप म्हणतंय. मी तो कागद बाजूला ठेवला.

(पेटीवरून आठवलं. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. कारण काय, तर ती परक्या मुलखातली आणि तिच्यातून आपले बारीक सूर निघत नाहीत. एकतीस वर्षं वेशीबाहेर. म्हणून तर ती आमच्या जलशात, भजनात आणि चर्चमध्ये बिनतक्रार नांदली असावी.)

उलट अभंग बघा. सहा, सहा, सहा, चार अक्षरं. ती मोजायला शाळा लागत नाही. टिळकांनी हे ओळखलं होतं. नारायण वामन टिळक, जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. जातीनं चित्पावन. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला आणि नगरच्या मिशनमध्ये आयुष्य काढलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे. १९१९ मध्ये वारले. अर्धं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आता गंमत अशी की आमच्याकडच्या चर्चमध्ये गाणारी तोंडं बहुतेक महारामांगांची आणि गाणी लिहिणारा हात बामणाचा. हे मला खटकलं, अजून खटकतं. पण चाल टिळकांची नव्हे, वारकऱ्यांची. वारकऱ्यांत आमचा चोखोबा होता, देवळाच्या पायरीबाहेर. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं. म्हणजे चाल आमच्या वाड्यातून निघाली, बामणआळीतून फिरली, क्रूस घालून परत आत्याच्या ओसरीवर आली. असं मी वहीत लिहिलं होतं. वाक्य झकास, पण दहा गाणी निवडायला त्याचा उपयोग शून्य.

उपयोग झाला गिरणीचा. आमच्या खात्यात आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ओठांवर वाचावं लागतं. तिथं मी गाणी तपासली. तुटलेला धागा जोडत, बॉबिन बदलत फ्रेमच्या कडेनं फिरायचं आणि गाणं म्हणायचं. स्वतःचा आवाज कानाला येत नाही, हाडात येतो. चार फेऱ्या होईपर्यंत जे गाणं तोंडातून सांडलं नाही ते पक्कं. भाषांतराची गाणी दुसऱ्या फेरीतच सांडायची. एकच टिकलं, ऑस्ट्रियातलं १८१८ चं ते शांत रात्रीचं गाणं, जे जगभर नाताळात म्हणतात. त्याची चाल अंगाईची आहे. अंगाईला भाषा अडवत नसावी.

गायनमंडळ अकरा जणांचं. आठ पोरी, दोन बाप्ये, पेटीवाला. पोरी जयसिंगपूरला कॉलेजात जाणाऱ्या, हातात फोन. त्यांना इंग्रजी पाहिजे होतं. पहिली मागणी हँडेलच्या ‘हालेलूया कोरस’ची. मी त्याचं सगळं शोधून वाचलं आणि मला ते फार आवडलं. ज्या ‘मसाया’ नावाच्या मोठ्या रचनेत तो कोरस येतो तिचा पहिला कार्यक्रम १३ एप्रिल १७४२ ला आयर्लंडमध्ये, डब्लिनला झाला, आणि त्याच्या उत्पन्नातून कर्जापायी तुरुंगात पडलेली १४२ माणसं सुटली. गाण्यानं सावकाराचा हिशेब चुकता केला! पण त्या कोरसला चार थर लागतात, बायकांचे दोन, पुरुषांचे दोन, आणि एक थर दुसऱ्याच्या मागून पळत असतो. आमच्याकडं पुरुष दोन, त्यातला एक सर्दीचा. तेव्हा ते गाणं विचारासाठी नव्हे, माणसं नाहीत म्हणून सोडलं. गाणं निवडताना आधी तोंडं मोजावीत. आणि पट्टी बघावी. काळी चार धरली की बाप्ये गप्प, काळी एक धरली की बायकांचा आवाज तळाला. सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं मधल्या पट्टीत, फार वर-खाली न जाणारंच असावं लागतं. आमच्या जयंतीच्या मंचावरही हे कुणी बघत नाही, म्हणून वंदनेत निम्मी माणसं ओठ हलवतात.

दुसरी मागणी ‘अमेझिंग ग्रेस’. ते लिहिणारा जॉन न्यूटन हा गुलाम वाहणाऱ्या जहाजावरचा कप्तान. १७४८ मध्ये वादळातून वाचला, देवाकडं वळला आणि तरी १७५४ पर्यंत त्याच धंद्यात जहाजं नेत राहिला. गाणं १७७३ च्या नववर्षाला त्याच्या चर्चमध्ये आलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानं छापून लिहिलं ते १७८८ मध्ये. मी पोरींना म्हटलं, देव भेटल्यावरही ज्याला जहाजाच्या तळातली माणसं दिसली नाहीत त्याचं गाणं आपण म्हणायचं? एक पोरगी म्हणाली, ‘‘दादा, ते काळी माणसंच म्हणत्यात की. त्यांना चालतंय आन तुला न्हाई?’’ मी म्हटलं, यादीत नाही म्हणजे नाही.

मग मी माझ्याकडून एक गाणं घातलं. तुम्हाला सगळ्यांना शाळेत शिकवलेलं, ‘हम होंगे कामयाब’. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे. मूळ ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या चर्चमधून आलं. १९४५-४६ मध्ये चार्ल्सटन गावी सिगारच्या कारखान्यात संप झाला, संपात बहुतेक काळ्या बायका, त्यांनी ते थंडीपावसात दारावर उभं राहून गायलं. तिथून ते चळवळीत गेलं आणि चळवळीतून जगभर. चर्चचं गाणं संपाच्या दारावर गेल्यावर चांगलं होतं, अशी माझी तेव्हाची थिअरी होती. त्या थिअरीनं मी बाकीची यादी केली.

कशी केली ते सांगतो. लाल पेन घेतलं आणि ज्या गाण्यात ‘दास’ आहे ते काटलं. ज्यात ‘चरणाची धूळ’ आहे ते काटलं. ज्यात काळ्याचं पांढरं होतं, मळ धुतला जातो, ते काटलं. आम्हाला हजारो वर्षं मळकट म्हटलं, आता आम्हीच रविवारी कपडे करून जायचं आणि आम्ही मळकट आहोत असं सुरात सांगायचं? एकेचाळीसमधून सव्वीस अशीच गेली. त्यात आत्याचं गाणं गेलं. त्यात ‘दासी’ होतं, तेही ध्रुवपदात, म्हणजे दर कडव्याला परत.

आत्या तांदूळ निवडत होती. मी यादी वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली आणि विचारलं, ‘‘माजं?’’

मी समजावून सांगितलं. स्वाभिमान, भाषा, गुलामी. चांगलं भाषण झालं, शाखेत टाळ्या पडल्या असत्या. बाबासाहेबही सांगितले. १९३८ च्या १ जानेवारीला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढं त्यांचं भाषण झालं. सामाजिक अन्यायाविरुद्ध तुमचा समाज लढायला उभा राहिला नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आत्या म्हणाली, ‘‘आन त्याच भाषनात त्येनी काय म्हनलं, की बुद्ध आन ख्रिस्त ह्या दोघांनीच मला वडून घेतलं. पाळकांनी वाचून दावलंय.’’ खरं आहे, तेही त्याच भाषणात आहे. माझ्या मित्राला पहिलं पाठ आहे, आत्याला दुसरं.

मग ती सुपातलं हलवत हलवत बोलायला लागली. वर बघितलं नाही.

‘‘मी लगीन हून आले त्या सालात पाटलाच्या घरात कार्य हुतं. सांगावा आला, किरिस्तावाच्या नव्या सुनंला खरकटं काढाय लावून द्या. फुकाट. सासू उठली, जा म्हनली, रीत हाय. मी म्हनलं, मी एकाची दासी हाय, आन त्यो पाटील न्हवं. न्हाई गेले. सासूनं दोन दिस भाकर न्हाई दिली. तवा मी काय म्हनत बसले हुते चुलीम्होरं? तुजं ते संपाचं गानं? ह्येच म्हनत हुते.’’

मी म्हटलं, आत्या, पण मालक नकोच की कुठला. एक बी नको.

‘‘तुज्या गिरनीत सायबाला काय म्हनतूस?’’

‘‘साहेब.’’

‘‘मंग?’’

मी गप्प. ती म्हणाली, ‘‘तांदूळ निवडताना खडं टाकत्यात लेकरा. खडा मला बी दिसतूय. तू दानं टाकलंस.’’

एवढं ऐकूनही मी यादी बदलली नाही. हे कबूल करायलाच हा लेख लिहितोय. झेरॉक्स काढायला दिल्या होत्या, पैसे दिले होते, आणि खरं कारण म्हणजे बदलली असती तर मी हरलो असं झालं असतं.

नाताळचा कार्यक्रम झाला, चांगला झाला. पत्र्याखाली दोनअडीचशे माणूस. शेवटच्या गाण्याला पोरं उभी राहिली, पाळक उभे राहिले, मी पेटीशेजारी उभा. आत्या तिसऱ्या ओळीत बसली होती, हातात माझ्या अक्षरातली झेरॉक्स. तिला वाचता येत नाही. कागद तिनं सरळ धरला होता आणि तोंड मिटलेलं. तिच्या दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांची तोंडंही मिटलेली. चार महिन्यांपूर्वी पुस्तकं कुजली तेव्हा गाणी यांच्याच तोंडात वाचली होती.

मला त्या वेळी दुसरीच एक बाई आठवली. आमच्या विहाराशेजारची, आता वारली. तिला भीमाच्या शंभरसव्वाशे ओव्या यायच्या, जात्यावरच्या. एका जयंतीला आम्ही पोरांनी तिला मंचावर चढू दिलं नाही, कारण तिच्या ओव्यांत बाबासाहेबांना ‘देव’ म्हटलेलं. व्यक्तिपूजा, अंधश्रद्धा, बावीस प्रतिज्ञा, सगळं आम्ही तिला सांगितलं. तिच्या जागी डीजे लावला. डीजेवर जे वाजलं त्यात बाबासाहेब होते म्हणजे नाव होतं, बाकी धडधड. त्या ओव्या कुणी उतरवल्या नाहीत. मी लिहिणारं पोरगं, मीसुद्धा नाही.

अमेरिकेत गुलामी संपल्यावर १८६६ मध्ये नॅशव्हिलला काळ्या पोरांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पैसे नव्हते, शाळा बंद पडायला आली, म्हणून १८७१ मध्ये तिथल्या पोरापोरींचं गायनमंडळ गावोगाव निघालं. सुरुवातीला ती गोऱ्यांना आवडतील अशी गोऱ्यांचीच गाणी म्हणायची. आईबापांची गुलामीतली गाणी चारचौघांत म्हणायला त्यांना जड जायचं. ती घरातली, दुखरी. त्यात मालक होता, बेड्या होत्या, पलीकडच्या नदीची वाट होती. शेवटी तीच गाणी त्यांनी मंचावर आणली आणि लोक ऐकायला लोटले. १८७३ मध्ये ती पोरं इंग्लंडात राणीपुढं गायली. त्याच १८७३ मध्ये इकडं जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये आमच्या पँथरनं नाव घेतलं तेही तिकडच्या काळ्या पोरांवरून. हे मी यादी करायच्या आधी वाचलेलं होतं. वहीत तारखांसकट उतरवलेलं होतं. उपयोग काय.

मित्रा, तुझं म्हणणं मी ऐकलंय. तू म्हणतोस, म्हाताऱ्या बाईचं मन राखायला विचार सोडायचा का? मी सोडलेला नाही. मळ धुण्याचं गाणं मी आजही निवडणार नाही, आणि ते पोरांच्या तोंडी घालायला माझा विरोध राहील, चर्चमध्ये असो की कुठंही. आठ वर्षांच्या पोरीला मी मळकट आहे हे तालात शिकवणं वाईटच. पण आठ वर्षांच्या पोरीला गाणं देणं वेगळं आणि सत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडातलं काढून घेणं वेगळं. पहिल्यात आपला अधिकार आहे. दुसऱ्यात कुठून आला ते मला सांग. ती बाई पाटलाकडं गेली नव्हती. आपण दोघं किती ठिकाणी ‘येतो साहेब’ म्हणत गेलोय ते मोजू का?

आणि निवड कुणी करायची हाही प्रश्न आहे. एकटा कवी आणि लाल पेन, असं नको. २०२० चा नाताळ कोरोनात गेला, २०२१ ला जुलैत परत पूर आणि डिसेंबरात परत निर्बंध. पुढचा मोठा कार्यक्रम २०२२ ला झाला. त्या वेळी मी ओसरीवर सगळ्यांना बसवलं, म्हाताऱ्या, पोरी, पेटीवाला, पाळक. एकेक गाणं म्हणायचं, ज्याला नको त्यानं कारण सांगायचं, ज्याला पाहिजे त्यानंही सांगायचं. तीन रविवार गेले. भांडणं झाली. ‘अमेझिंग ग्रेस’ पोरींनी आणलंच, न्यूटनची सगळी हकिगत गाण्याच्या आधी माईकवर सांगायची या अटीवर, आणि त्या पोरीनं ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली. मळाची गाणी गेली, पण ती म्हाताऱ्यांनीच काढली. एक म्हणाली, ‘‘आमी ते कधी ध्यान दिऊन म्हनलंच न्हाई. आता ध्यान गेलं, आता तोंडात येत न्हाई.’’ ‘तारूवाला’ परत आला.

आत्याचं गाणं मी स्वतः सुचवलं. ती काही बोलली नाही. मग मी भीत भीत विचारलं, ‘दासी’च्या जागी ‘लेक’ म्हटलं तर? तिनं तोंडात घोळवून बघितलं. दोनदा म्हटलं. ‘‘बसत न्हाई,’’ म्हणाली. खरंच बसत नव्हतं, एक मात्रा कमी पडते. पेटीवाला म्हणाला, ‘लेकी’ म्हणा. तिनं तेही म्हणून बघितलं. ‘‘बगू,’’ म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

झेरॉक्सवर मी त्या जागी काहीच लिहिलं नाही, टिंबं दिली. कार्यक्रमाला ती उभी राहून गायली, बरोबरच्या म्हाताऱ्याही गायल्या. मी पेटीच्या जवळ होतो. ध्रुवपद चार वेळा आलं. त्या शब्दावर नेमका पेटीवाला भाता जोरात दाबायचा, सवय आहे त्याची, आणि ती काय म्हणाली ते मला एकदाही ऐकू आलं नाही. हळू वाजव म्हणून मी त्याला सांगितलं नाही.